जिन्यातली खिडकी

कामगार भवनाचे चिटणीस सकाळी दहाच्या सुमारास दारात उभे राहिले, तेव्हा बाईंनी त्यांना 'या' म्हणायच्या आधी त्यांच्या मागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. चिटणीस एकटेच आले होते, आणि चपला काढताना त्यांचा तोल जात होता.

"भवनाला पुढच्या वर्षी साठ वर्षं होतायत," खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले. "इतिहास लिहून घ्यायचाय. छोटंसं पुस्तक. तुम्ही लिहावं असं कार्यकारिणीनं ठरवलंय."

"कार्यकारिणीनं, की तुम्ही?"

"मी सुचवलं. त्यांनी मान्य केलं."

बाईंनी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला होता. अर्ध्या गावातल्या कामगारांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. त्यामुळे वरवर पाहता या बोलावण्यात वावगं काहीच नव्हतं. पण बाई कुणाची मुलगी आहेत हे चिटणिसांना ठाऊक होतं आणि चिटणीस कुणाचा मुलगा आहे हे बाईंना.

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर आतल्या खोलीतून आई म्हणाली, "ताकाला आला आणि भांडं लपवलं. काहीतरी दुसरंच हवंय त्याला." आईला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते.

बाईंचे वडील या कामगार भवनाचे खिळेजुळारी होते. भवनाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला छापखाना होता. काच कारखान्याच्या, गोदीच्या, बसवाल्यांच्या, सगळ्या संघटनांची पत्रकं तिथंच छापली जात. वडील उभ्यानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे, आणि घरी आले की आधी राखेनं हात घासायचे. शाई तरीही नखांत राहायचीच.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी काच कारखान्याचा मोठा संप झाला. सहाशे माणसं बाहेर होती. संपाच्या एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी नऊला भवनाच्या वरच्या मजल्यावर संप समितीची गुप्त बैठक ठरली. समिती बारा जणांची. नऊ वाजून वीस मिनिटांनी पोलिसांच्या दोन गाड्या आल्या आणि अकरा जणांना जिन्यावरून खाली उतरवून घेऊन गेल्या. बारावा तेवढा निसटला. तो म्हणजे भट्टीमास्तर, आत्ताच्या चिटणिसांचे वडील. चार दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर सभा झाली. तिथं ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी जिन्यात होतो. खालचा आवाज ऐकून मागच्या बाजूनं निसटलो. पण निसटताना मी या डोळ्यांनी पाहिलं. आपला खिळेजुळारी दारात उभा राहून फौजदाराशी बोलत होता."

बस. त्या दिवसापासून बाईंचं घर फिरलं. घर फिरलं की वासेही फिरतात. पाण्याच्या नळावर आईच्या मागं कुणी उभं राहीना. दारावर कुणीतरी डांबरानं 'खबऱ्या' लिहिलं. बाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी एकटीनं ते अक्षर न् अक्षर पुसलं, आणि मग छापखान्यातून परतलेल्या वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही सांगितलंत?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मोरीत जाऊन हात घासत बसले, नेहमीपेक्षा खूप वेळ.

ज्याच्या मनात काही नाही तो 'नाही' म्हणतो, असं सोळा वर्षांच्या मुलीला वाटलं. तिनं मनात निकाल लावून टाकला. वडिलांना भवनातून काढलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या छापखान्यात लागले आणि पुढं पंधरा वर्षं जगले. त्या पंधरा वर्षांत बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

आणि आता भट्टीमास्तरांचा मुलगा त्यांना इतिहास लिहायला बोलावत होता.

"जाणारेस?" आईनं विचारलं.

"जाते. काय लपवतायत ते बघायला तरी."

* * *

भवन बाहेरून होतं तसंच होतं. लाल विटांची दुमजली इमारत, दारावर सिमेंटमध्ये कोरलेले दोन हात. छापखान्याच्या जागी आता दवाखाना होता. जिना तसाच उभा, अर्ध्यावर वळणारा, आणि वळणावर ती खिडकी. खिडकीखाली पितळी पाटी होती. 'मोठ्या संपात भट्टीमास्तरांनी याच खिडकीतून उडी घेऊन लढा जिवंत ठेवला.' नव्या सभासदांना भवन दाखवताना सगळे इथं थांबत. भवनाला भट्टीमास्तरांचं नाव द्यायचं घाटत होतं, हेही बाईंना पहिल्याच दिवशी कळलं. सांगताना अध्यक्षांचा चेहरा खुलला होता. चिटणीस मात्र जमिनीकडे पाहत होते. बाईंनी ते टिपून ठेवलं.

वरच्या मजल्यावर सभागृहामागं एक अरुंद खोली होती. तिथं चार कपाटं. इतिवृत्तांच्या वह्या, पत्रकांच्या थप्प्या आणि काच कारखाना बंद पडल्यावर तिथून उचलून आणलेली दप्तरं. बाईंनी शिक्षिकेच्या शिस्तीनं पहिले दोन दिवस फक्त यादी केली. कुठल्या खणात काय, किती वह्या, कुठल्या सालाच्या. त्यात खालच्या खणात भट्टीच्या नोंदवह्या होत्या. पत्र्याच्या कोपऱ्यांच्या, एका सालाची एक.

चिटणीस दर तासा-दीड तासानं डोकावत.

"चहा पाठवू?"

"नको."

"कुठपर्यंत आलात?"

"पायाभरणीपर्यंत," बाई म्हणत, वही मिटत.

ते जरा वेळ दारात उभे राहायचे, कपाटांकडे बघायचे आणि जायचे. चोराच्या मनात चांदणं, बाईंना वाटायचं. चौथ्या दिवसापासून त्यांनी आपली टिपणं दोन वह्यांत लिहायला सुरुवात केली. एक खोलीत राहायची, दुसरी पर्समधून घरी जायची. एकदा तर जेवायला जाताना त्यांनी टेबलावरच्या वहीवर पेन्सिल मुद्दाम तिरकी ठेवली. परत आल्या तेव्हा पेन्सिल सरळ होती.

पाचव्या दिवशी संपाच्या सालाचं इतिवृत्त हाती आलं. पानं पिवळी पडली होती, पण एकही फाटलेलं नव्हतं. बाईंना आश्चर्यच वाटलं. वडिलांच्या चौकशीचं पान त्यात होतं. प्रश्न आणि उत्तरं, सुवाच्य अक्षरात.

प्रश्न : आपण पोलिसांशी बोललात का?

उत्तर : नाही.

प्रश्न : मग बैठकीची खबर कुणी दिली?

उत्तर : मला सांगायचं नाही.

बाईंनी ते उत्तर तीनदा वाचलं. 'मला माहीत नाही' असं लिहिलेलं नव्हतं. 'मला सांगायचं नाही' असं होतं. वर्गात एखादा मुलगा असं बोलला असता तर बाईंनी क्षणात ओळखलं असतं की याला माहीत आहे आणि हा कुणालातरी पाठीशी घालतोय. आणि त्याच्या वर 'नाही' हा शब्द स्वच्छ लिहिलेला होता. वडील 'नाही' म्हणाले होते. भवनानं विचारलं तिथं म्हणाले होते.

त्यांना पाणी प्यावंसं वाटलं, पण तांब्या रिकामा होता आणि उठून खाली जायचं तर चिटणिसांच्या टेबलासमोरून जावं लागणार होतं. त्या तशाच बसून राहिल्या.

त्या दिवसापासून बाईंचा संशय दिशा बदलून चालू लागला. वडिलांना कोण वर गेलं, कोण नाही हे दिसत असणार. छापखान्याचं दार बरोबर जिन्याच्या पायथ्याशी होतं. मग भट्टीमास्तर जिन्यात होते तर वडिलांनी त्यांना पाहिलं असणार. आणि ते खिडकीतून निसटले तर... बाई उठून जिन्यात गेल्या. खिडकी चांगली कमरेएवढ्या उंचीवर होती, माणूस सहज ओलांडेल अशी. खाली गल्ली. उडी जमण्यासारखी होती. पण खिडकीच्या भोवतीच्या विटा पाहून त्या थबकल्या. बाकी भिंतीच्या विटा काळपट लाल. या चौकटीभोवतीच्या जरा फिक्या, आकारानंही लहान.

"बाई, काय बघताय?" खालून चिटणिसांचा आवाज आला.

"पाटी वाचतेय," बाई म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस त्यांनी इमारतीच्या दुरुस्तीचे ठराव शोधले. गळकं छप्पर, मोरीचा निचरा, सभागृहाचे पंखे. आणि मग संपानंतर दोन वर्षांनी झालेल्या एका कंटाळवाण्या बैठकीत, सातव्या क्रमांकावर ठराव होता : 'जिन्याच्या वळणावर हवा येत नसल्याने तेथील वरची सिमेंटची जाळी काढून मोठी खिडकी बसवावी. सूचक : भट्टीमास्तर. सर्वानुमते मंजूर.'

बाई वाचून हसल्याच, एकट्या, तोंडावर हात धरून. आधी गोष्ट आली होती, मग खिडकी आली होती. संपाच्या वेळी तिथं छताला लागून वीतभर जाळी होती. त्यातून चिमणी निसटली असती, भट्टीमास्तर नव्हे. फाटकावरच्या सभेत ते फक्त 'मागच्या बाजूनं' एवढंच बोलले होते. कुणी विचारलं नाही, मागची बाजू कुठली. वर असलेले अकरा जण तुरुंगात होते. ते दोन महिन्यांनी सुटून आले तेव्हा संप जिंकला होता आणि जिंकलेल्या माणसाची उलटतपासणी कोण घेणार?

पण भट्टीमास्तर जिन्यात नव्हते, तर कुठं होते?

भट्टीची नोंदवही. काचेची भट्टी कधी विझत नाही. संपातसुद्धा दोन्ही बाजूंच्या संमतीनं चार माणसं भट्टी राखायला आत जात होती. दर तासाला तापमान लिहायचं आणि सही करायची. बाई खालच्या खणाशी बसल्या. यादीत अकरा वह्या होत्या. खणात दहा होत्या. मधली एक जागा रिकामी, आणि तिथं धुळीत वहीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन.

संपाच्या सालाची वही गेली होती.

* * *

बाई सरळ खाली उतरल्या. चिटणीस टेबलाशी सदस्यांचे अर्ज लावत होते.

"नोंदवही कुठं आहे?"

"कुठली?"

"चिटणीस, मी एकतीस वर्षं पोरं सांभाळलीत. 'कुठली' असं विचारणाऱ्याच्याच दप्तरात वस्तू सापडते."

चिटणिसांनी हातातले अर्ज खाली ठेवले. मग त्यांनी टेबलाखालून कापडी पिशवी काढली आणि त्यातून पत्र्याच्या कोपऱ्यांची वही काढून टेबलावर ठेवली.

"जाळणार होतात?" बाईंनी विचारलं.

"जाळायचीच होती तर घरात बंब आहे. पाच-सहा दिवस घरी नेतोय आणि आणतोय. उघडली नाही."

"का?"

चिटणिसांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. "वडील गेले त्याच्या आधीचे तीन महिने त्यांना धड भान नव्हतं. दुपारी झोपेतून दचकून उठायचे. म्हणायचे, 'वर कोण गेलं? खिळेजुळारी मोजतोय. त्याला बाजूला करा.' आई म्हणायची, तापात बरळतायत. पण मला झोप लागेना. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. आता भवनाला त्यांचं नाव द्यायचं म्हणतायत, आणि ठरावावर सही माझी हवीय."

"म्हणून मला बोलावलंत."

"दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर त्यानं झाकलं असतं. माझ्यासाठी, संघटनेसाठी. तुम्ही झाकणार नाही, हे मला माहीत होतं." ते थांबले. "आणि तरी तुम्ही काय वाचताय हे बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. तुमची वही मीच उघडली. बापावर संशय घेऊन जगणं काय असतं बाई, ते तुम्हाला कसं सांगू?"

मला सांगायची गरज नाही, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी वही उघडली.

संपाचा एकोणचाळिसावा दिवस. सकाळी आठ : भट्टीमास्तरांची सही. नऊ : भट्टीमास्तरांची सही. दहा : भट्टीमास्तरांची सही. तिन्ही सह्यांखाली दुसऱ्या एका माणसाचा अंगठा.

चिटणिसांनी वही आपल्याकडे वळवली, सह्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अक्षर त्यांचंच आहे."

"अंगठा कुणाचा?"

"मुक्याचा असणार. त्यांचा मदतनीस. बोलता येतं त्याला, पण बोलत नाही म्हणून मुका म्हणायचे. आहे अजून. कारखान्याच्या जुन्या चाळीत, शेवटची खोली."

"चला."

"नको," चिटणीस म्हणाले. "तुम्ही जा. मला ते ऐकवणार नाही."

* * *

मुका ऐंशीच्या पुढचा होता. खोलीच्या दारात स्टुलावर बसून तो चाकूनं वेताच्या काड्या तासत होता. हातांच्या पाठीवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. लपवाछपवी न करता, खिळेजुळाऱ्याची मुलगी म्हणून. त्याचा चाकू थांबला.

"चेहरा त्यांच्यावरच गेलाय," तो म्हणाला.

"त्या दिवशी सकाळी नऊ वाजता भट्टीमास्तर भट्टीवर होते. नोंद आहे. तुमचा अंगठा आहे."

"असेल की."

"समितीची बैठक सोडून ते तिथं काय करत होते?"

मुका पुन्हा काडी तासू लागला. बाईंनी वाट पाहिली. वर्गात वाट कशी पाहायची हे त्यांना माहीत होतं. आपण बोललो की समोरचा सुटतो. शेजारच्या खोलीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"तुम्ही भट्टी विझलेली पाहिलीय?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाही."

"आतली काच गोठते. दगड होतो त्याचा. विटा तडकतात. मग घण घालून सगळी फोडायची आणि नवी बांधायची, त्यात वर्ष जातं. मालक कशाला बांधतोय? टाळं लावून जाईल. त्या दिवशी बैठकीत तेच ठरणार होतं. भट्टीवरची माणसंही बाहेर काढायची. विझवायची. अकरापैकी आठ जण त्याच मताचे होते. मास्तर आदल्या दिवशी त्यांच्या पाया पडले होते. कुणी ऐकलं नाही."

"मग?"

"मग नवाला दहा कमी असताना मास्तरांनी भट्टीघरातला फोन उचलला. मी शेजारी होतो. एवढंच म्हणाले, 'भवनात, वर, सगळे आहेत.' फोन ठेवला आणि नवाचं तापमान लिहिलं."

बाईंनी विचारलं, "आणि माझ्या वडिलांचं नाव?"

"कुणीतरी सांगितलं, हे तर उघडच होतं. कोण म्हणून लोक पेटले होते. खिळेजुळाऱ्यानं वर जाणारे मोजले होते, हे मास्तरांना कळलं. तो बोलायच्या आत यांनी बोलून टाकलं." मुक्यानं तासलेली काडी बाजूला ठेवली. "भट्टी वाचली, बाई. पंचावन्नाव्या दिवशी मालक नमला, कारण भट्टी तापलेली होती आणि बाहेर मागणी पडून होती. सहाशे घरं जगली, वीस वर्षं जगली. मी स्वतःला तेच सांगत आलो."

"आमचं एक घर धरून, की सोडून?"

मुक्यानं चाकूही खाली ठेवला. मग म्हणाला, "सोडून."

त्यानं सांगितलेलं बाईंनी लिहून काढलं, वाचून दाखवलं. त्यानं हो-नाही न करता खाली अंगठा उठवला.

* * *

घरी आल्यावर बाईंनी आईला सगळं सांगितलं. आई पलंगावर पाय लांब करून ऐकत होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "विषयपत्रिकेच्या बारा प्रती काढल्या होत्या तुझ्या बाबांनी. वरच्या बैठकीसाठी. अकरा गेल्या. बारावी हातात घेऊन उभे होते जिन्यापाशी, मास्तर येईल म्हणून. आलाच नाही. आले ते पोलीस."

"तुला माहीत होतं?"

"त्या आठवड्यातच सांगितलं मला. म्हणाले, आत्ता बोललो तर संघटना दोन तुकडे होईल, संप मोडेल. संप मिटल्यावर बोलेन. संप मिटला तर मास्तर खांद्यावर. मग म्हणाले, आता माझं कोण ऐकणार? पुढं पुढं म्हणेनासे झाले."

"आणि मला का नाही सांगितलंस? त्रेचाळीस वर्षं, आई!"

"तू विचारलंस कुठं?" आईचा आवाज चढला नाही. "एकदा विचारलंस, दारात उभी राहून, फौजदारासारखी. त्यांना ते लागलं. म्हणाले, पोरीला सांगायचं नाही. तिनं विश्वास ठेवायचा तर असाच ठेवावा. मी म्हटलं, अहो, पोर आहे ती. ऐकले नाहीत. हट्टी होते. तूही त्यांच्यावरच गेलीस, ठरवूनच बसलीस."

बाईंना आधी आईचा राग आला, मग वडिलांचा. त्यांनी दुसऱ्यांची भट्टी, दुसऱ्यांचा संप, दुसऱ्यांची एकी सांभाळली आणि घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला मात्र परीक्षेला बसवलं. असली कसली परीक्षा? तीत ती नापास झाली, आणि निकाल तिला आत्ता कळत होता. त्या मोरीत गेल्या, नळ सोडला आणि खूप वेळ तिथं उभ्या राहिल्या.

* * *

मसुदा वाचायची बैठक रविवारी सकाळी झाली. सभागृहात तीस-पस्तीस माणसं होती. अकरा जणांपैकी जिवंत असलेले दोघे पहिल्या रांगेत. बाईंनी पायाभरणीपासून वाचायला सुरुवात केली. कोण गवंडी, कुणी विटा वाहिल्या, पहिला दवाखाना, गोदीवाल्यांची वाचनखोली. लोक खुशीत माना डोलवत होते. मग संप आला. नोंदवहीतल्या तीन सह्या, मुक्याचं निवेदन, सातव्या क्रमांकाचा ठराव.

एकच गदारोळ झाला. "सूड उगवतेय!" मागून कुणीतरी ओरडलं. "मेलेल्या माणसावर काय वाट्टेल ते!" दुसरा म्हणाला, "मुकाच पोलिसांना मिळालेला नसेल कशावरून? आता मास्तरांवर ढकलतोय." बाईंना त्या माणसाचा राग आला नाही, हाच प्रश्न त्यांनी स्वतः दोन दिवस स्वतःला विचारला होता. म्हणून त्यांनी फक्त वही पुढं केली. "सही बघा. जाळीचा ठराव बघा. मग बोला."

पहिल्या रांगेतला उंच म्हातारा, ज्याला लंबू म्हणत, काठी टेकत उठला. त्यानं वही डोळ्यांजवळ धरून पाहिली. "दोन महिने आत होतो मी," तो म्हणाला. "बाहेर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर खिळेजुळाऱ्याच्या दारावर पुन्हा डांबर फासलं. आधीचं पुसलं होतं कुणीतरी." एवढं बोलून तो बसला. बाईंना वाटलं होतं, तो क्षमा मागेल. त्यानं मागितली नाही, आणि मागितली असती तर त्याला काय म्हणायचं हे बाईंनाही सुचलं नसतं.

अध्यक्ष म्हणाले, "हे प्रकरण वगळून छापू. संघटनेच्या हिताचं काय ते बघायला हवं."

तेव्हा चिटणीस उभे राहिले. "नाव द्यायचा ठराव मी मागं घेतोय. आणि जिन्यातली पाटी काल मीच काढली. छापायचं तर पूर्ण, नाहीतर नको. मतं घ्या."

मतं घेतली. एकोणीस विरुद्ध चौदा. छापायचं ठरलं. चौदांपैकी सहा जण तिथल्या तिथं उठून गेले, त्यातले दोघे चिटणिसांचे चुलतभाऊ होते. पुढच्या निवडणुकीत चिटणीस पडले. पण ते मुक्याकडे जाऊन आले, आणि एका दुपारी बाईंच्या आईसमोरही येऊन बसले. आई त्यांना बराच वेळ निरखत होती. शेवटी म्हणाली, "तुझा बाप भट्टी चांगली राखायचा, एवढं मी म्हणेन. बाकीचं म्हणायला मला लावू नकोस."

मसुद्याच्या शेवटच्या वाचनाला अध्यक्षांनी एका ओळीवर बोट ठेवलं होतं. खिळेजुळाऱ्यावरच्या परिच्छेदात ती होती. त्यांनी किती वर्षं काम केलं, कुठली पत्रकं छापली, कुठल्या खोट्या आरोपावरून त्यांना काढलं, आणि मग : 'त्यांच्या मुलीनेही त्यांच्यावर संशय घेतला आणि ते जिवंत असेपर्यंत तो सोडला नाही.'

"हे खाजगी आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले. "इतिहासात कशाला?"

"भट्टीमास्तरांचं लिहिलं तेव्हा खाजगी नव्हतं?" बाई म्हणाल्या. "हे काढायचं तर ते सगळंच काढा."

ओळ राहिली. छपाईच्या आदल्या दिवशी मुद्रणालयातून मुद्रितशोधकांचा फोन आला. मुद्रितं तपासताना त्यांना ते वाक्य खटकलं होतं. चुकून दुसरीकडचं आलंय का, असं ते विचारत होते.

"नाही," बाई म्हणाल्या, "ते बरोबर आहे. तसंच छापा."

त्यांनी फोन ठेवला. आईनं आतून विचारलं, कुणाचा होता म्हणून. बाई उठल्या, आईच्या पायांशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाबांबद्दल सांग. संपाचं नको. दुसरं काहीतरी."

आईनं जरा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली.